घसारा गाडीला, सुट्या भागांना नव्हे

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

हत्ती विकत घेणे सोपे, त्याला रोज चारा घालणे कठीण, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. आज हत्ती कोणी घेत नाही. पण त्याच थाटाने दारात उभी करावी अशी एक वस्तू गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या गावातही दिसू लागली आहे. ती म्हणजे परदेशी बनावटीची, आकाराने लहान पण रुबाबाने मोठी, उंच बांध्याची आलिशान मोटार. इंग्रजी आद्याक्षरांनी तिला एस.यू.व्ही. म्हणतात. नवी घेणारे थोडेच. पण आठ-नऊ वर्षे वापरलेली, नव्याच्या चौथाई किमतीत मिळणारी अशी गाडी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. प्रस्तुत लेखात या मोहाचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हा विषय मला वर्गात सुचला नाही, घरात सुचला. माझ्या मामांचे उद्यमबागेत टर्निंगचे छोटे वर्कशॉप आहे. दोन लेथ आणि तीन कामगार एवढाच पसारा. जुनी सी.एन.सी. मशीन घ्यावी म्हणून त्यांनी काही वर्षे पैसे साठवले होते. तेवढ्यात बंगळूरची एक नऊ वर्षांची आलिशान गाडी ११ लाख २५ हजारांना मिळत असल्याचे कळले. पहिल्या मालकाने ती ४८ लाखांना घेतली होती. "एवढ्या पैशात नवी साधी गाडी येते, मग ही का नको?" असे म्हणणाऱ्यांत मीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. त्यानंतरच्या सोळा महिन्यांची बिले आज एका फाइलमध्ये माझ्यापुढे आहेत. ती फाइल माझ्या हातात देताना मामा एवढेच म्हणाले, "अरे, तू कॉमर्सचा ना? मग मांड की हिशेब."

मामांच्या गाडीच्या कंपनीचे नाव मी सांगणार नाही. एका गाडीवरून एका कंपनीला बोल लावणे शास्त्राला धरून होणार नाही. अभ्यासासाठी मी वेगळ्या कंपनीची, पण त्याच वर्गातली आणि जिच्याविषयी भरपूर माहिती उपलब्ध आहे अशी एक गाडी घेतली आहे. ती म्हणजे रेंज रोव्हर इव्होक.

१. नमुन्याची गाडी

लँड रोव्हर ही ब्रिटिश कंपनी. तिची पहिली गाडी १९४८ साली आली. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेतील डेट्रॉइट येथील प्रदर्शनात कंपनीने एका लहान आलिशान गाडीचा नमुना मांडला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टाटा मोटर्सने जग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या फोर्डकडून २३० कोटी डॉलरांना विकत घेतल्या. त्या नमुन्यावरून तयार झालेली इव्होक २०११ मध्ये लिव्हरपूलजवळच्या हेलवूड कारखान्यातून बाहेर पडू लागली. भारतात ती त्याच वर्षी विक्रीस आली, आणि २०१५ पासून तिची जुळणी आपल्या पुण्यात होऊ लागली. दुसरी पिढी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जगापुढे आली.

पहिल्या पिढीच्या गाडीची लांबी ४ मीटर ३५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या मध्यम सेडानहून कमीच. या आटोपशीर लांबीत इंजिन आडवे बसवलेले, त्याला लागून गिअरपेटी, मागच्या चाकांना शक्ती नेणारा दांडा, शिवाय पडदे, कॅमेरे आणि संवेदक. लहान पेटीत मोठा संसार भरावा तसा हा प्रकार आहे. दुरुस्तीच्या खर्चाचे पहिले मूळ येथेच आहे. हात घालायला जागा नाही. आणि जागा नाही म्हणजे एक भाग काढण्यासाठी आधी दहा भाग उतरवावे लागतात.

२. नेहमीचे बिघाड

पुढील बिघाड प्रत्येक गाडीत होतातच असे नाही. परंतु या वर्गातील गाडी पाहताना माहितगार मिस्त्री प्रथम याच जागा तपासतात.

(अ) काजळीची गाळणी. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते, तिला डी.पी.एफ. म्हणतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आल्यावर डिझेल मोटारींत ती सर्रास झाली. गाळणी भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते आणि पंधरा-वीस मिनिटे सलग वेगाने चालावे लागते. आता टिळकवाडीहून खडेबाजारात जाऊन परत येणाऱ्या गाडीला हे तापमान कोठून मिळणार? साफसफाई सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. असे वारंवार झाले की गाळणी तुंबते.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. साफसफाईसाठी इंजिनात जादा डिझेल सोडले जाते. त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ होते, त्याचे वंगण कमी होते, आणि पातळी मात्र वाढते. एरवी ऑइलची पातळी घटली की आपण घाबरतो. येथे ती वाढली तर घाबरायचे. २०१५ पासून इव्होकमध्ये आलेल्या इंजेनियम जातीच्या डिझेल इंजिनाबाबत ब्रिटनमध्ये ही तक्रार बरीच गाजली. तेथे या इंजिनाचे ऑइल ३४,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत चालेल असे मूळ वेळापत्रक होते. आता जाणकार मिस्त्री त्याच्या निम्म्याच्याही आत ऑइल बदलायला सांगतात. उपाय स्वस्त आहे: लवकर ऑइल बदलणे आणि अधूनमधून महामार्गावर निपाणीपर्यंत एक फेरी मारणे. गावातल्या गावात फिरणाऱ्याने मुळात डिझेल गाडीच घेऊ नये.

(आ) टायमिंग चेन. इंजिनातील झडपा आणि दट्टे यांचा ताल सांभाळणारी ही साखळी. पातळ ऑइलावर ती लवकर झिजते आणि लांबते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिल्या काही क्षणांत खडखड ऐकू आली तर ती साखळीची असू शकते. साखळी, तिचे मार्गदर्शक आणि ताण देणारा भाग यांची किंमत फार नाही. पण इंजेनियम डिझेलमध्ये ही साखळी गिअरपेटीच्या बाजूला आहे. त्यामुळे तेथे पोहोचण्यासाठी गिअरपेटी, आणि काही वेळा सारे इंजिनच, खाली घ्यावे लागते. ब्रिटनमधील स्वतंत्र गॅरेजे या कामाचे साधारण दोन ते तीन हजार पौंड घेतात. त्यातला मोठा हिस्सा मजुरीचा असतो. आणि खडखड ऐकूनही गाडी तशीच चालवली, साखळी घसरली, तर दट्टे झडपांवर आदळतात. मग प्रश्न साखळीचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

(इ) स्वयंचलित गिअरपेटी. २०१४ च्या मॉडेलपासून इव्होकला जर्मनीच्या झेड.एफ. कंपनीची नऊ गतींची गिअरपेटी मिळाली. सुरुवातीच्या पेट्यांत गिअर बदलताना झटके बसत. त्यांतील पुष्कळ तक्रारी संगणकीय आज्ञावली बदलून मिटल्या. म्हणून झटका बसला की लगेच पेटी उघडू देऊ नये. "या पेटीचे ऑइल जन्मभर बदलावे लागत नाही" असे विक्रेते सांगतात. पण खुद्द झेड.एफ. आपल्या स्वयंचलित पेट्यांचे ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते. जन्मभर म्हणजे कोणाच्या जन्मभर, हे विचारून घेतले पाहिजे.

(ई) मागच्या चाकांची जोडणी. गरज पडेल तेव्हाच मागच्या चाकांना शक्ती देणारी हॅल्डेक्स नावाची यंत्रणा येथे असते. तिच्यात थोडे ऑइल आणि एक लहान पंप असतो. ऑइल बदलण्याचा खर्च किरकोळ. पण पुढच्या चाकांवर गाडी चालतच राहते, म्हणून ते कोणाला आठवत नाही. गाळ साचून पंप जळला की बिल येते. याच कारणाने चारही टायर सारख्या झिजेचे असावे लागतात. एक टायर फुटला तरी निदान जोडी बदलावी लागते, काही वेळा चारही.

(उ) वीज आणि संवेदक. बॅटरी अशक्त झाली की पडद्यावर एकाच वेळी चार-पाच इशारे उमटतात: ब्रेक, गिअर, चढउतार, सारे बिघडले म्हणून. बिघाड एकाचा, ओरड सगळ्यांची. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या अनेक गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात, हे मालकाला माहीतच नसते. अशा वेळी आधी नीट तपासणी न करता एकेक भाग बदलत गेल्यास हजारो रुपये व्यर्थ जातात. निदानाला पैसे मोजणे हा खर्च नाही, बचत आहे.

३. खर्च जास्त का येतो?

उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींना मी हाच प्रश्न विचारला. ते कन्नडभाषिक. स्पॅनर खाली न ठेवता म्हणाले, "गाडी सोवी ऐत्री, सामान तुट्टी ऐत्री." म्हणजे गाडी स्वस्त आहे, सामान महाग आहे. आमच्या लेखाकर्माच्या पुस्तकात एका प्रकरणात जे सांगितले आहे ते त्यांनी सहा शब्दांत सांगितले.

वर्गात आपण घसारा शिकतो. आयकराच्या हिशेबात मोटारीवर घटत्या शिलकेच्या पद्धतीने साधारणपणे वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. ४८ लाखांची गाडी या दराने नऊ वर्षांनी ११ लाख १२ हजारांवर येते. मामांनी दिलेली किंमत ११ लाख २५ हजार. म्हणजे वही आणि बाजार यांचे येथे जवळजवळ एकमत झाले! मामा फसले नव्हते. गाडीची किंमत रास्तच होती.

चूक पुढे आहे. गाडीला घसारा लागतो, तिच्या नव्या सुट्या भागांना लागत नाही. गिअरपेटीचा नवा भाग ४८ लाखांच्या गाडीचा असतो, तो ११ लाखांच्या गाडीला बसला म्हणून स्वस्त होत नाही. समजा दोन लाखांची दुरुस्ती निघाली. नव्या गाडीच्या किमतीशी ते प्रमाण ४ टक्के, तर मामांच्या गाडीशी जवळजवळ १८ टक्के. शिवाय नव्या गाडीत हमीच्या काळात हा खर्च कंपनी सोसते. म्हणजे पहिला मालक घसारा भरतो आणि दुसरा मालक दुरुस्ती भरतो. गाडीचा एकूण खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

याखेरीज तीन कारणे आहेत. पहिले, भाग सुटा मिळत नाही, जोडणीसकट मिळतो. दिव्याची काच तडकली तरी अख्खा दिवा घ्यावा लागतो. दुसरे, बाजारातील स्पर्धेचा अभाव. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात सहजी मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मक्तेदारीचे प्रकरण शिकताना आपण दुसऱ्या देशांची उदाहरणे देतो. हे आपल्या घरचे आहे. तिसरे कारण कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा त्यातल्या त्यात दिलासा.

४. विमा काय भरून देतो?

"विमा आहे की!" असे आम्हांला वाटले होते. मोटार विम्याच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक वा विजेचा बिघाड वगळलेला असतो. अपघात झाला तर विमा. गिअरपेटी गेली तर नाही. अपघातातही बदललेल्या भागांवर घसारा कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. म्हणजे विमा कंपनी सुट्या भागांना घसारा लावते, दुकानदार लावत नाही. मधली तूट मालकाची. शिवाय दुरुस्तीचा खर्च विम्यात घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात. मूल्य उतरलेल्या पण भाग महाग असलेल्या गाडीला तेथे पोहोचायला फार मोठा अपघात लागत नाही.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांसाठी एक जादा सूचना. कोल्हापूर किंवा गोव्याच्या नोंदणीची गाडी स्वस्त मिळते म्हणून आपण आणतो. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवल्यास तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि त्या राज्याचा कर भरावा लागतो. कर्नाटकात महागड्या गाड्यांचा आजीवन कर बराच आहे. सौदा ठरण्यापूर्वी हा आकडा परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

५. मामांच्या फाइलचा ताळा

आता सोळा महिन्यांचा हिशेब. पहिले सर्व्हिसिंग आणि ब्रेक पॅड ४६,००० रुपये. दोन बॅटऱ्या ३१,०००. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि बुश ६८,०००. गिअरपेटीचे काम १,९२,०००. चार टायर ७४,०००. दुरुस्तीची बेरीज ४,११,०००. विम्याचे हप्ते ५२,०००. शेवटी मामांनी गाडी ७,४०,००० रुपयांना विकली. म्हणजे किमतीतली तूट ३,८५,०००. एकूण ८ लाख ४८ हजार. महिन्याला ५३ हजार. या काळात गाडी १०,६०० किलोमीटर चालली. किलोमीटरमागे ८० रुपये, आणि यात इंधन धरलेले नाही.

ही बेरीज मी तीनदा केली. मामांना दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि फाइल परत दिली. बेरजेत न आलेली एक रक्कम आहे, ती आम्हां दोघांनाही ठाऊक होती. ती सी.एन.सी. मशीन आली नाही. अर्थशास्त्रात याला संधी परिव्यय म्हणतात: एका गोष्टीसाठी सोडून दिलेली दुसरी गोष्ट. परीक्षेत मी ही व्याख्या लिहून गुण मिळवले होते. तिचा अर्थ मला वर्कशॉपमधल्या त्या रिकाम्या ओट्याकडे पाहून कळला. मशीनसाठी मामांनी तो आधीच बांधून ठेवला होता. आता त्यावर रंगाचे डबे ठेवलेले असतात.

६. मग घ्यावी की घेऊ नये?

अशी गाडी कोणीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. त्या गाडीत बसून चोर्ला घाटातून पणजीला जाताना जो आनंद मिळाला तो खोटा नव्हता. पण घेणाऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात.

एक, गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी आणि पहिले अर्धे मिनिट कान देऊन ऐकावे. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. दोन, सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात; इंजिन ऑइल, गिअरपेटीचे ऑइल आणि मागच्या जोडणीचे ऑइल केव्हा बदलले ते तारखेनिशी पाहावे. तीन, ऑइलची पातळी खुणेच्या वर असेल तर कारण विचारावे. चार, संगणकावर संपूर्ण तपासणी करून घ्यावी आणि तिचे पैसे आपण द्यावेत, म्हणजे तपासणारा आपला राहतो. पाच, चारही टायर एकाच जातीचे आहेत का ते पाहावे.

आणि सहावी गोष्ट वाणिज्याच्या विद्यार्थ्याची. ताळेबंदात संभाव्य तोट्यासाठी आपण तरतूद करतो. तोटा झाल्यावर नव्हे, आधीच. जुन्या आलिशान गाडीची किंमत ठरवताना तिची नवी किंमत डोळ्यांपुढे ठेवावी आणि तिच्या निदान पाच टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्तीसाठी वेगळी काढावी. हे प्रमाण माझे अंदाजाचे आहे, कोणी कमीजास्त करावे. ४८ लाखांच्या गाडीला ते होतात २ लाख ४० हजार. एवढी रक्कम बाजूला काढता येत असेल तर गाडी परवडते. येत नसेल तर ११ लाखांना मिळालेली ती गाडी आपली नाही. ती अजून ४८ लाखांचीच आहे.

मामांनी पुन्हा पैसे साठवायला सुरुवात केली आहे. महिन्याचा हिशेब मी ठेवतो. वहीच्या पहिल्या पानावर मी "मशीन तरतूद खाते" असे लिहिले आहे, आणि त्यातून दुसऱ्या कशासाठीही पैसे काढायचे झाले तर आम्हां दोघांच्याही सह्या लागतील, असे आम्ही ठरवले आहे.